पानेबहाद्दर

रविवारी सकाळी पार्किंगमधून "दाब... धर..." अशी हाक ऐकू आली, की वरच्या मजल्यांवर कळतं: काकांनी पुन्हा ब्रेक उघडले. वॉचमन काही न बोलता आपली खुर्ची उचलतो आणि जिन्याखाली नेऊन ठेवतो.

असे एक काका पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत सापडतात. निवृत्त, हाफ पँट, कानावर पेन्सिल. गाडी अर्थातच मारुती ८००. ही गाडी १९८३ साली रस्त्यावर आली आणि २०१४ साली बनायची थांबली. त्यानंतर निघाल्या त्या गाड्या नव्हेत, चाकं लावलेले मोबाईल, असं काकांचं मत. गॅरेजवाले लुटतात हे दुसरं मत. म्हणून लायनर नाना पेठेतून, पाने जुन्या बाजारातून आणि अक्कल घरची.

सुरुवातीला उत्साहाच्या भरात त्यांनी मागचे दोन्ही ड्रम एकदम उघडले. आत लायनरचे दोन शू, त्यांना ताणून धरणाऱ्या स्प्रिंगा, पिना, पट्ट्या. एक स्प्रिंग सुटली ती थेट शेजारच्या स्कूटरखाली गेली. उरलेला संसार वर्तमानपत्रावर मांडला, तेव्हा कोण कुठून आलं हे सांगायला साक्षीदारच नव्हता. आता एका वेळी एकच चाक. दुसरं शाबूत ठेवायचं आणि परीक्षेत शेजारच्या पेपरात डोकवावं तसं त्यात डोकवायचं.

बॉनेटजवळचा नकाशाएवढा पांढुरका डाग ब्रेक ऑईलचा. ते रंग खातं. सांडलं की लगेच पाणी ओतावं लागतं. काका आधी चहा प्यायला गेले होते. उरलेली अर्धी बाटली त्यांनी काटकसर म्हणून वर्षभर माळ्यावर ठेवली, तेही असंच. हे तेल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ जातीचं ताजं तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला की हा आकडा १४० पर्यंत उतरू शकतो. मग घाटात ब्रेक तापले की तेलाची वाफ होते आणि पाय नुसता खाली जातो. ही माहिती काका आता लिफ्टमध्ये भेटेल त्याला देतात. बाटली टाकून दिली, हे सांगत नाहीत.

पुढचा एक पॅड त्यांनी उलटा बसवला होता, लोखंडी पाठ डिस्ककडे करून. दोन दिवस गाडी किंचाळत होती आणि काका "नवीन आहेत, सेट होतील" म्हणत होते. डिस्क नवी आणावी लागली.

पण खरी गाजली ती खुर्ची. नवे पॅड जाड असतात, म्हणून कॅलिपरचा पिस्टन आत ढकलावा लागतो. तो पुन्हा पॅडला टेकेपर्यंत पहिल्या काही वेळा पेडल पोकळ जातं. गाडी हलवण्याआधी ते जागेवरच मारून घ्यायचं असतं. काकांनी थेट रिव्हर्स टाकला. हँडब्रेकची केबल वेगळी, ती मागच्या चाकांवर चालते, म्हणून तुळशीची कुंडी वाचली. खुर्ची नाही. वॉचमन नशिबाने पाणी भरायला गेला होता.

ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली एअर काढायला मात्र दोन माणसं लागतात. म्हणून काकू गाडीत. सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून, कारण ते मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांब. काकूंनी पेडल दाबून धरायचं, काकांनी निपल सैल करायचा, बुडबुडे आले की आवळायचा आणि मगच "सोड" म्हणायचं. आवळण्याआधी पाय सुटला तर गेलेली हवा परत आत.

"सोडलंस का?"

"तुम्हीच म्हणालात सोड!"

"मी 'सोडू नको' म्हणालो!"

तेव्हापासून हुकूम बदलला. आता "सोड"च्या जागी काका पान्याने रिमवर दोनदा टकटक करतात.

गेल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा बेल वाजवून दारात उभा राहिला. त्याच्या गाडीचं पेडल खाली जात होतं. काका कौतुकाने पुढे झाले, तर तो म्हणाला, "काकू आहेत का?"

काकूंनी कणकेचे हात तसेच ठेवून विचारलं, "पहिल्या दाबालाच मऊ लागतं, की धरून ठेवलं की हळूहळू खाली जातं?"

"हळूहळू."

"मग हवा नाही. कुठे गळतंय का बघू, नाहीतर मास्टर सिलिंडरचं रबर. चालवू नकोस." आणि आत वळून, "अहो, बॅटरी कुठे ठेवलीत?"

काका ती शोधायला गेले.