कारकूनबाबांचे पाकखाते

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या गृहस्थाने पुढे काय करावे, याविषयी डिचोली-पेडण्याकडील लोकांच्या काही ठरीव अपेक्षा आहेत. त्याने देवस्थानाच्या समितीत शिरून जमाखर्चाच्या वहीवरून एखाद्या महाजनाशी अबोला धरावा, किंवा जत्रेच्या नाटकाच्या तालमीस जाऊन आपण तरुणपणी वठविलेल्या धैर्यधराची हकिकत तरुण नटांना ऐकवीत तालमीचा खोळंबा करावा, आणि यांपैकी काहीच न साधले तर निदान भजनात झांज तरी धरावी. या सर्व उद्योगांचा एक गुण असा की ते घराबाहेर चालतात, आणि म्हणून घरच्या मंडळींना त्यांचा उपद्रव बेताचाच होतो. परंतु अलीकडे निवृत्तांचा एक निराळाच वर्ग उदयास आला आहे. या वर्गातला माणूस वयाच्या साठाव्या वर्षी, आयुष्यात प्रथमच, स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडतो. तोही भुकेपोटी नव्हे, तत्त्वापोटी. आणि मग घरातील कोणालाच सुखाने जेवता येत नाही. मयेचे आमचे कारकूनबाब हे या वर्गाचे शिरोमणी होत.

त्यांना नाव नाही असे नाही. पण तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकुनाच्या खुर्चीवर इतकी वर्षे बसल्यानंतर नाव मागे पडते आणि हुद्दा तेवढा उरतो. शिवाय मये हा गावच असा आहे की तेथे कागद जाणणाऱ्या माणसाचा मान पुरोहिताच्या खालोखाल असावा. पोर्तुगीज अमदानीत ज्या उमराव घराण्याकडे या गावची जमीन होती, त्याच्या पश्चात, गोवा मुक्त झाल्यावर, १९६४ च्या कायद्यान्वये ती ‘स्थलांतरितांची मालमत्ता’ ठरून कस्टोडियनच्या ताब्यात गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या माणसावर आपल्याच अंगणातल्या माडाखाली उभे राहून हे अंगण कोणाचे म्हणून विचारण्याची पाळी आली. विधानसभेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला तो २०१४ मध्ये. इतका काळ अर्ज, स्मरणपत्रे, दाखले आणि नकला यांच्या सहवासात घालविलेल्या गावातील माणसाने आमटीचीसुद्धा नस्ती उघडली, तर त्यात नवल ते काय?

नस्ती उघडण्यास निमित्त घडले ते मधुमेहाचे. २०२३ साली देशभरातील मधुमेहाच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यात गोव्याचा क्रमांक पहिला लागला आणि प्रमाण २६.४ टक्के निघाले. ही बातमी कारकूनबाबांनी प्रथम मोठ्याने, अभिमानाच्या स्वरात वाचली, कारण कोणत्याही तक्त्यात आपले राज्य शिरोभागी पाहण्याची त्यांना हौस आहे. आणि तक्ता कशाचा आहे हे ध्यानात आल्यावर तीच पुन्हा हळू आवाजात वाचली. पुढे त्यांचेही रक्त तपासण्यात आले, आणि त्यात साखर निघाली. डॉक्टरांनी ‘साधे, घरचे, बेताचे खा’ एवढेच सांगितले. तोंडी हुकुमावर अंमल करण्याचा शिरस्ता नसल्यामुळे कारकूनबाबांनी ते लेखी मागितले, आणि तो कागद हाती येताच स्वयंपाकघराचा कारभार आपल्याकडे वर्ग झाल्याचे घरात जाहीर केले.

पुढील रविवारी सकाळी नऊ वाजता कुटुंबाची सभा भरली. वयनी, म्हणजे कारकूनबाबांच्या पत्नी, तांबडी भाजी निवडीत असल्यामुळे खाली बसून हजर होत्या. मुलगा झोपेत हजर होता. पणजीला नोकरीस जाणारी सून आठवड्यातील एकुलत्या एका सुट्टीचा हा विनियोग पाहून मौन धरून होती. आणि चौथीतला नातू तेवढा उत्साहात होता, कारण आजोबा त्याला सुरी हाती देणार होते. ‘केवळ एका व्यक्तीच्या ज्ञानावर अवलंबून असलेले खाते केव्हाही बंद पडू शकते,’ असे सांगून कारकूनबाबांनी घरातील प्रत्येकाने साधा व आरोग्यकारक स्वयंपाक शिकलाच पाहिजे, असा ठराव मांडला. खरे म्हणजे यात आक्षेप घेण्याजोगे काही नव्हते. चाळीस वर्षे ते खाते एकहाती चालविणाऱ्या वयनींनाही ते पटले. त्यांनी फक्त इतकेच विचारले की हे ज्ञान शिकविणार कोण. कारकूनबाबांनी हा प्रश्न पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवला.

तोपर्यंत ग्रंथसंग्रह सुरू झाला. कमलाबाई ओगले यांची १९७० सालची ‘रुचिरा’ आली, लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या १९१० च्या ‘गृहिणी-मित्रा’ची प्रत कोणाकडून तरी उसनी आली, आणि ज्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे बिऱ्हाड १९५८ साली कुन्नूरहून हैदराबादेस हलले तिच्या कोष्टकांची छापील पाने फ्रिजच्या दारावर हजेरीपटाशेजारी लागली. ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचे प्रमाण दिलेले पाहून त्यांचा जीव सुखावला. वयनींच्या पाकशास्त्रात प्रमाण म्हणून काही नव्हतेच. मीठ किती, तर ‘मातशें’. पाणी किती, तर ‘लागता तितलें’. आणि हुमण किती वेळ उकळावे, तर ‘जाय मेरेन’. अशा जबानीवर कोणताही प्रस्ताव मंजूर होऊ शकत नाही, हे त्यांचे मत चुकीचे म्हणता येणार नाही.

पहिला धडा उकड्या तांदळाच्या पेजेचा होता. ही निवड मोठी शहाणपणाची, कारण पेज बिघडविण्यास विशेष प्रतिभा लागते. तांदूळ धुवावे, भरपूर पाण्यात घालावे, मंद आचेवर दाणा फुलेपर्यंत शिजू द्यावे, आणि शेवटी मीठ घालावे, एवढाच त्याचा विधी. परंतु कारकूनबाबांना विधीपेक्षा कारणमीमांसा प्रिय. भात भिजवून, वाफवून, वाळवून मग सडला असता कोंड्यालगतचे ब-१ जीवनसत्त्व दाण्यात मुरते, म्हणून उकडा तांदूळ पांढऱ्या तांदळाहून श्रेष्ठ. हे सांगता सांगता ते थेट जावा बेटावर पोचले, जेथे आइकमन नावाच्या डच वैद्याने पांढऱ्याशुभ्र सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडताना पाहिले, आणि ज्याला पुढे १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. नातवाला कोंबड्यांचे पुढे काय झाले हे जाणून घ्यायचे होते. मुलाच्या डोळ्यांवर झापड आली होती. आणि ताटात वाढलेल्या पेजेवर जाड साय धरू लागलेली पाहून वयनी म्हणाल्या, ‘पेज थंड जाता. सायबाचें मागीर सांगात.’ त्या दिवशी आइकमन तेथेच राहिला. पेज मात्र, खारवलेल्या तोरांच्या फोडीसह, उत्तम लागली, आणि हे सभेच्या इतिवृत्तात नमूद झाले.

मिठाचा प्रश्न इतक्या सहज सुटला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसाने दिवसाकाठी पाच ग्रॅमांहून कमी मीठ खावे. घरात माणसे पाच. तेव्हा पंचवीस ग्रॅम मीठ रोज सकाळी काट्यावर तोलून एका डबीत घालावे आणि दिवसभरात त्याच डबीतून घ्यावे, असा कारकूनबाबांनी नियम केला. डबी दहाच्या सुमारास रिकामी झाली. चौकशी करता असे निष्पन्न झाले की वयनींनी ते सगळे मीठ आंबाड्यांच्या लोणच्यात घातले होते, आणि जेवणासाठी त्या पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळी बेगमीच्या, भरणीतील आगरवाड्याचे जाडे मीठ शिरस्त्याप्रमाणे चिमटीने घेत होत्या. लोणच्यातील मीठ कोणत्या दिवसाच्या खाती टाकावे, खाऱ्या बांगड्यातले कोणाच्या, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असताना, म्हणजे घर सुक्या मासळीवरच चालते तेव्हा, पाच ग्रॅमांत माणसाने जगावे कसे, हे मुद्दे अद्याप विचाराधीन आहेत. मीठ कमी करण्याची गरज होती यात शंका नाही. ते पुढे कमी झालेही. पण काट्याने नव्हे. वयनींनी कोणालाही न सांगता चिमूट लहान केली, आणि दोन महिन्यांनी ती गोष्ट सहज बोलता बोलता सुनेजवळ उघड केली.

नारळाचे प्रकरण याहून गंभीर. कोष्टकात नारळातील स्निग्धांशाचा आकडा पाहून कारकूनबाबांनी ‘नारळाच्या वापरात पन्नास टक्के कपात’ असा हुकूम काढला. गोमंतकात राज्ये उलथली, धर्मांतरे झाली, चलने बदलली. नारळात कपात करण्याचे धाडस मात्र कोणत्याही सत्ताधीशाने केल्याचे ऐकिवात नाही. वयनी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी हुकुमाचे पालन इतक्या काटेकोरपणे केले की हुमणाच्या जागी हळदीचे पाणी आले, सोलांच्या कढीच्या जागी नुसते लाल पाणी आले, आणि तांबडी भाजी पानाच्या कडेला, वर पांढऱ्या सोयेची, म्हणजे किसलेल्या नारळाची, एक चिमूटही नसलेली, विधवेसारखी बसून राहिली. कारकूनबाब पहिला घास घेऊन थांबले. त्याच रात्री हुकूम रद्द झाला. रद्द करण्याचे कारण ‘प्रशासकीय’ असे लिहिले गेले.

तरीसुद्धा माणूस जिद्दीचा. एका शनिवारी त्यांनी तेफळे घातलेले बांगड्यांचे हुमण स्वतंत्रपणे करण्याचे ठरविले, कारण त्याला फोडणी लागत नाही आणि तेलाचा थेंब न पडता ते होते, ही गोष्ट त्यांना आरोग्यदृष्ट्या आदर्श वाटली. दारावर भोंगा वाजवीत आलेल्या मासळीवाल्याकडून बांगडे घेतले ते डोळे व कल्ले तपासून. मुलाने ते विळीवर साफ केले. नातवाने आदोळीवर नारळ किसला, बोटासह. सोय, सुक्या मिरच्या, धणे, हळद आणि चिंच यांचे वाटप इतके बारीक उतरले की वयनींनीही मान डोलावली. येथपर्यंत सर्व यथास्थित होते. परंतु तेफळाचे वरचे साल तेवढे घ्यायचे, आतली काळी बी फेकून द्यायची, आणि साल किंचित ठेचून उकळत्या हुमणात सोडायचे, ही गोष्ट पुस्तकात कोठेतरी अध्याहृत असल्यामुळे कारकूनबाबांनी मूठभर तेफळे बियांसकट मिक्सरमध्ये घालून त्याच वाटपात एकजीव केली. पहिल्या घासाबरोबर पाचही जणांची जीभ बधिर झाली, आणि त्या घरात प्रथमच पूर्ण शांततेत जेवण पार पडले. पंचनाम्यात दोष तेफळांवर ठेवण्यात आला. वयनींनी दुसऱ्या दिवशी नातवाला अंगणात बसवून एकेक तेफळ उकलून दाखविले. आजोबा तेव्हा वर्तमानपत्र वाचीत होते, पण पान बराच वेळ उलटले गेले नाही.

या वर्गातील लोकांची खरी मौज त्यांच्या शोधांत आहे. पावसाळा लागताच कारकूनबाबांना रानभाज्यांचा साक्षात्कार झाला, आणि परसातला कोवळा तायकिळो, कुळीथ, नाचण्याचे तिजण, अळसांद्यांचे तोणाक या पदार्थांची ‘नवी आहारयोजना’ त्यांनी छापील वाटावी अशा अक्षरात सभेपुढे मांडली. त्यांच्या आईने त्यांना याच योजनेवर लहानाचे मोठे केले होते. मध्यंतरी पगार वाढला, डिचोलीच्या बाजारात बेकरीचे जिन्नस वाढले, भातावर दुसऱ्यांदा भात घेण्याची ऐपत आली, आणि ती योजना कोणी रद्द न करताच दप्तरदाखल झाली. वयनींनी आराखडा शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि म्हणाल्या, ‘तुमची आवय करताली तेन्ना तुमी पान पयस लोटताले.’ यावर कैफियत सादर झाली नाही.

हा गृहस्थ हास्यास्पद आहे. पण ज्या पिढीच्या पुरुषांनी बायको माहेरी गेली की खानावळीचा रस्ता धरला, त्या पिढीतील एकाने विळीपाशी मांडी घातली ही गोष्ट मी तरी क्षुल्लक मानीत नाही. नातू आज पेज आणि मुगागाठी करतो. मुलगा बांगडे साफ करून त्यांना चिरा देतो, आणि झोपेतून जागा होऊन देतो. सुनेची रविवारची सुट्टी निम्मी तरी तिला परत मिळाली आहे, आणि रात्री सारी माणसे एका वेळी जेवायला बसतात. कारकूनबाबांची साखर उतरली आहे. त्याचे श्रेय ते कोष्टकाला देतात, डॉक्टर त्यांच्या रोज सायंकाळी मयेच्या तळ्यापर्यंत चालत जाण्याला देतात, आणि वयनी कोणालाच देत नाहीत.

सोमवारचे शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण आता पूर्णपणे कारकूनबाबांकडे असते. तेव्हा मयेस जाण्याचा योग आला तर वाचकांनी सोमवार अवश्य साधावा; एक दिवस आधी कळवावे, कारण डाळ माणशी तोलून भिजते; आणि जेवणात काही उणे वाटले तर ते तोंडी सांगून मोकळे व्हावे. लेखी तक्रार मात्र कृपा करून देऊ नये, कारण तिला उत्तर येते.