वाघासाठी गोळी कशी निवडावी : नवशिक्यांसाठी

यवतमाळ जिल्ह्यात वाघावर बंदूक रोखायची हौस असेल, तर सुरुवात काडतुसापासून करू नये, कागदापासून करावी. वन्यजीव संरक्षण कायदा 1972, कलम 11. मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश, कारणांसकट. तो हाती नसेल तर इथंच थांबा. पुढचं तुरुंगात निवांत वाचता येईल.

आदेश आहे? मग बोर. आजोबांची भरमार दसऱ्याच्या पूजेपुरती राहू द्या. बारा बोरच्या बारीक छर्ऱ्यांनी रानडुक्करसुद्धा नुसतं चिडतं. जाणकार पॉइंट 375 मॅग्नम सांगतात : 1912 सालचं विलायती काडतूस, नऊ सेंटिमीटर लांब, गोळी साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास. आता टोक बघा. टोकापर्यंत धातूनं मढवलेली गोळी हत्ती-गव्यासाठी. वाघाची कातडी पातळ. ती आरपार जाऊन मागच्या तुरीत घुसेल, आणि तुरीत कोण राखणीला बसलंय हे तिला कळत नाही. टोकाला शिसं उघडं असलेली गोळी आत शिरली की कुत्र्याच्या छत्रीसारखी पसरते. ती घ्या.

इथवर सोपं होतं. आता आदेश पुन्हा वाचा, शेवटपर्यंत. याच जिल्ह्यातल्या टी-1 उर्फ अवनी वाघिणीच्या नावावर 13 बळी सांगितले जात. सप्टेंबर 2018 च्या आदेशात तिला आधी बेशुद्ध करून पकडायचं होतं. गोळी, ते जमलंच नाही तर. मग राळेगावच्या रानात काय काय आलं! हत्ती, परदेशी जातीचे कुत्रे, पॅराग्लायडर, शिवाय आमिष म्हणून कॅल्विन क्लाइनचं अत्तर. त्यातला एक हत्ती सुटला आणि त्यानं एका बाईचा जीव घेतला. 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ नेमबाज असगर अली खान यांच्या गोळीनं वाघीण पडली. ती अंगावर आली, असं सांगण्यात आलं. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीला मात्र आढळलं की पथकात पशुवैद्य नव्हता आणि डार्टमधलं गुंगीचं औषध 56 तासांपूर्वी तयार केलेलं होतं.

अत्तर उंची, औषध शिळं. तेव्हा खरेदीच्या यादीत काडतुसाच्या वर पशुवैद्य लिहा.

आणि ज्यांना हा आदेश कधीच मिळणार नाही, म्हणजे आपण सगळे, त्यांनी वाघ दिसला की वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा. टोल फ्री आहे.