बारा व्होल्टांची वरात

सोलापूरहून तुळजापूर सुमारे 45 किलोमीटर. तेवढ्यासाठी हौशी बुलेटस्वार गाडीवर 200 वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर चढवतो. हिशेब सोपा: 200 भागिले 12 व्होल्ट, म्हणजे जवळपास 17 अँपिअर. पण हिशेब करतो कोण? हेडलाइटची वायर सोलायची, दोन पीळ द्यायचे, वर काळी टेप. झालं काम!

खरं तर जाड वायर थेट बॅटरीवरून घ्यावी, तिच्या तोंडाशीच फ्यूज बसवावा, चावीबरोबर चालू-बंद होणारा रिले लावावा. पण फ्यूज चमकत नाही. स्पीकरभोवतीचे निळे दिवे चमकतात.

होंडाच्या गोल्डविंगवर स्पीकर कारखान्यातूनच येतात आणि वीजही त्या बेताने तयार होते. इथे हेडलाइट मंदावला, की स्वार गाणं बदलतो.

गंमत पुढेच. ऐंशीच्या वेगात निम्मं गाणं वारा पळवतो, उरलेलं हेल्मेट गिळतं. ऐकतात ते टपरीवरचे लोक, फर्माईश न करता.

तुळजापुरात गाडी बंद ठेवून तासभर मैफल रंगते. परतताना स्टार्टरचं बटण दाबलं, की नुसतं ‘टिक’. मग भर उन्हात, संपूर्ण शांततेत, धक्का.