शॉकअपा, खाली उतर!

पंधरा-अठरा हजारांच्या हार्डटेल (मागे शॉकअप नसलेल्या) सायकलीवर पुढे मिरवणाऱ्या शॉकअपास,

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची रीत आहे. तुझ्याबद्दल प्रेम नाही, आदर तर त्याहून नाही, म्हणून ती रीत सोडून थेट मुद्द्याला हात घालते.

तू चोर आहेस. हे रागाच्या भरात लिहीत नाही, हिशेब मांडून लिहिते. त्या किमतीची सायकल बनवताना कारखान्याकडे मोजके पैसे असतात. फ्रेम, चाकं, ब्रेक, गिअर, चेन, टायर, सगळं त्यातच बसवायचं. त्यात तू घुसतोस आणि बाकीच्यांच्या वाट्याचं काढून घेतोस. तुझ्यापायी टायरचं रबर हलक्या प्रतीचं येतं, ब्रेकचे पॅड हलक्या प्रतीचे येतात, हबमधल्या छर्र्यांना ग्रीस जेमतेम मिळतं. आणि एवढं सगळं घेऊन तू काय देतोस? दुकानात आलेला बाप हँडल धरून पुढचं चाक जमिनीवर दाबतो, तू दोन इंच खाली जातोस, पोरगं हरखतं आणि सौदा पक्का होतो. तुझं सगळं कर्तृत्व त्या अर्ध्या मिनिटाचं. पुढची चार-पाच वर्षं ते पोरगं तुझं वजन ओढत राहतं.

तुझ्या पोटात काय आहे ते एकदा सगळ्यांना कळू दे. नळ्यांमध्ये लोखंडी स्प्रिंग, रबराचा एखादा ठोकळा, थोडं ग्रीस. संपलं. खऱ्या शॉकअपमध्ये स्प्रिंगइतकंच महत्त्व तेलाला असतं. बारीक छिद्रांतून जाताना ते तेल धक्क्याची ताकद उष्णतेत जिरवतं आणि दबलेल्या स्प्रिंगला सावकाश वर येऊ देतं. तुझ्याकडे जिरवण्याची सोयच नाही. धोंडा लागला की दबतोस आणि जेवढं घेतलंस तेवढं त्याच क्षणी परत फेकतोस. हँडल हाताला झटका देतं, पुढचं चाक जमीन सोडतं. हवेतलं चाक सायकल वळवत नाही, आणि ब्रेक कितीही आवळला तरी थांबवतही नाही. पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या उतारावर सैल मुरमात हे घडतं तेव्हा मुलं मला म्हणतात, “ताई, माझाच बॅलन्स गेला.” नाही रे बाळांनो, बॅलन्स तुमचा नव्हता गेला. तुमच्या विश्वासाच्या जागी हा बसला होता.

शिवाय तुझी स्प्रिंग एकाच वजनासाठी बनवलेली. पंचेचाळीस किलोच्या मुलीखाली तू ढिम्म हलत नाहीस आणि नव्वद किलोच्या माणसाखाली तळाला जाऊन ठोकतोस. डोक्यावर एक फिरकी दिलेली असते. ती फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते, इतकंच. तिचा कडकपणा तोच राहतो. हवेच्या शॉकअपला छोटा पंप लावून स्वाराच्या वजनाप्रमाणे दाब ठरवता येतो, तू मात्र स्वाराला विचारतही नाहीस.

आणि तुझं वजन! अडीच किलोच्या आसपास. सिंहगडाच्या घाटात डोणज्याकडून चढताना कुणी सीटवरून उठून पायडल मारायला लागलं की तू खालीवर नाचतोस, आणि पायांची ताकद रस्त्यावर जायच्या ऐवजी तुझ्या स्प्रिंगमध्ये जाते. पावसाळा आला की तुझ्या पातळ सीलमधून चिखलपाणी आत शिरतं, नळ्यांवर गंज चढतो, दुसऱ्या दिवाळीपर्यंत तुझ्या नळ्या खिळखिळ्या होतात. सुटे भाग मिळत नाहीत, उघडून दुरुस्त करावं असं तुझ्यात काही नाही. मग मेकॅनिक खांदे उडवतो आणि तो गरीब बाप पुन्हा खिशात हात घालतो. या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

तुझ्याशिवाय डोंगरात सायकल चालत नाही, ही तुझी सर्वांत जुनी थाप. १९७६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत ‘रिपॅक’ नावाची शर्यत सुरू झाली. कच्च्या रस्त्यावरचा तो उतार इतका तीव्र होता की मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक वेळी नव्यानं भरावं लागायचं. शर्यतीचं नाव त्यावरूनच पडलं. माउंटन बायकिंगची घडण ज्या उतारांवर झाली त्यांतला हा एक, आणि तिथल्या जुन्या जाडजूड सायकलींना साधे, न दबणारे चिमटे होते. १९७७ मध्ये जो ब्रीझ या कारागिराने खास या कामासाठी फ्रेम बांधली, तिलाही शॉकअप नव्हता. १९८१ची स्टंपजंपर नावाची सायकल कारखान्यातून बाजारात आली, तीही साध्या चिमट्याची. पुढे १९८९ मध्ये रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१ हा शॉकअप आला आणि १९९० साली कोलोरॅडोतल्या डुरँगो इथे झालेल्या पहिल्या अधिकृत जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्डने त्याच कंपनीच्या शॉकअपवर डाउनहिल जिंकली. चांगल्या शॉकअपचं मोल मला पुरतं मान्य आहे. पण त्या आरएस-१च्या पोटात हवा आणि तेल होतं. पस्तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि तू अजून नुसती स्प्रिंग घेऊन त्याच्या नावावर मिरवतोस.

तुझा दुसरा गुन्हा पहिल्याहून वाईट आहे. तुझा कंटाळा येतो तेव्हाही तूच पैसे खातोस. मुलं वर्षभर पैसे साठवतात आणि सगळ्यात आधी काय बदलायचं ठरवतात? तुलाच. कारण डोळ्यांत तूच भरतोस. मग कळतं की आजचे बहुतेक चांगले शॉकअप वर बारीक आणि खाली दीड इंच जाड अशा नळीचे असतात. तुझ्या फ्रेमचं डोकं असतं सव्वा इंचाहून बारीक अशा सरळ नळीसाठीचं, त्यात ते बसतच नाहीत. त्यांना लागतो पंधरा मिलिमीटरचा आरपार ॲक्सल आणि ११० मिलिमीटरचा हब, तुझं चाक असतं नऊ मिलिमीटरच्या क्विक रिलीजचं आणि १०० मिलिमीटरच्या हबचं. म्हणजे चाकही नवं आलं. बिल सायकलीच्या किमतीला भिडतं आणि फ्रेम जुनीच राहते. इथे मी प्रत्येकाला हात धरून थांबवते.

पैसे आधी टायरमध्ये घालायचे, आणि त्याच्याही आधी टायरमधली हवा कमी करायची. त्याला पैसाही लागत नाही. पंक्चरवाला नोझल लावतो आणि अंगठा रुतेनासा होईपर्यंत भरतो. तसं टणक टायर प्रत्येक खड्यावर उडतं आणि दोष तुझ्या किंवा स्वाराच्या माथी येतो. सव्वादोन इंची टायर, आत ट्यूब, साठ-पासष्ट किलोचा स्वार: तीस पीएसआयच्या आसपास सुरुवात करावी आणि दोन-दोनने वरखाली करून बघावं. फारच कमी झालं तर दगड आणि रिममध्ये ट्यूब चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, म्हणून गेज असलेला पंप घरात हवाच. त्यानंतर मऊ रबराची, बाजूला ठसठशीत गाठी असलेली टायरं. मुरूम, खडी, पावसातलं गवत, सगळीकडे पकड तिथून येते. जे काम तू करतोस असं सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं योग्य दाबाचं चांगलं टायर मुकाट्यानं करतं.

मग ब्रेक. या सायकलींवर वायरचे डिस्क ब्रेक असतात आणि बहुतेकांत एकच पॅड हलतो. तो डिस्कला वाकवून पलीकडच्या स्थिर पॅडवर दाबतो. पॅड झिजले की तो स्थिर पॅड स्क्रूनं आत घ्यायचा असतो. हे कुणी मुलांना सांगत नाही, आणि ती झिजलेल्या पॅडवर घाट उतरत राहतात. मला याची खरोखर भीती वाटते. चांगले पॅड, नवी वायर, चांगल्या प्रतीचं आवरण, आणि डिस्कला तेलकट बोट न लावण्याची शिस्त, एवढ्यानं लिव्हरवर दोन बोटांत सायकल थांबायला लागते. पुढे पैसे जमले तर हायड्रॉलिक ब्रेक. तुझ्यावर घालायच्या पैशांत ते दोन्ही चाकांना येतात आणि जीव वाचवतात.

तिसरं, मागचं फ्रीव्हील. सात गिअरचं, चौदा ते अठ्ठावीस दात्यांचं असतं. पुढच्या सगळ्यात लहान चोवीसच्या चकतीवर साडेसत्तावीस इंची चाक पायडलच्या एका फेरीत साधारण १.८४ मीटर पुढे जातं. त्याच जागी चौदा ते चौतीसचं फ्रीव्हील लावलं तर १.५२ मीटर. घाटात गुडघ्यांना हा फरक लगेच कळतो. डिरेलर चौतीस दाते झेलतो का आणि चेनची लांबी पुरते का, ते मात्र आधी तपासायचं. अकरा गिअरच्या कॅसेटचा मोह धरू नये, कारण तिच्यासाठी हब बदलावा लागतो, म्हणजे पुन्हा चाक आलं. बाकी पकडीची पायडलं, हबमध्ये ताजं ग्रीस, चाकांचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घेणं.

आणि तू? तुझ्या जागी लोखंडाचा साधा चिमटा. वजनात निदान सव्वा किलो उतरतं, हँडल सांगितलेलं ऐकतं आणि पावसाळ्यात गंजून खिळखिळं व्हायला आत सरकणारं काही नाही. माप मात्र नीट घ्यायचं: स्वार बसलेला असताना तू दबून राहतोस, तेव्हाची ॲक्सलपासून फ्रेमच्या डोक्याखालपर्यंतची लांबी. चिमटा तेवढ्याच लांबीचा हवा. वीस मिलिमीटरचा फरक पडला तर पुढचा कोन जवळपास एक अंशानं बदलतो आणि सायकल बिथरते.

तुला बनवणाऱ्यांना माझा निरोप दे. याच किमतीत साधा चिमटा असलेली, चांगल्या टायरांची, विश्वासानं थांबणाऱ्या ब्रेकांची आणि मोठ्या फ्रीव्हीलची सायकल दुकानात उभी करा. विकत घेणाऱ्याला ती का घ्यायची हे समजावून सांगायला मी दुकानाच्या दारात उभी राहायला तयार आहे.

तुझ्यावर चिडलेली,
पुण्याची एक सायकलवाली