तळीयेतला पावलॉव्ह

बारावीला मी मानसशास्त्र घेतलं, कारण त्या पेपरात नकाशा भरावा लागत नाही असं मला कोणीतरी सांगितलं होतं. भूगोलात नकाशा, इतिहासात सनावळ्या, अर्थशास्त्रात मागणीचा तो घसरता वक्र. राज्यशास्त्र घ्यावं तर ते ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर फुकट शिकायला मिळत होतंच. राहिलं मानसशास्त्र. नव्वदच्या दशकात खेड्यातून महाडला आर्ट्सला येणाऱ्या आम्हा पोरांचा ठाम समज होता की मन ज्याचं त्याच्याकडे असतंच, तेव्हा अर्धा अभ्यास जन्मतःच झालेला आहे. पुस्तक उघडल्यावर कळलं की सनावळ्यांनी इथेही पाठ सोडलेली नाही. 'विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लाइपझिग येथे पहिली मानसशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन केली' हे वाक्य मी इतकं घोकलं की ते म्हशीलाही पाठ झालं असावं. अभ्यासाला मिळालेली पडवी गोठ्याला लागूनच होती.

तळीये हे नाव घेतलं की आता ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो. २२ जुलै २०२१ रोजी आमच्या गावच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्या दिवसाची थट्टा होत नाही, मी करणारही नाही. पण त्याआधी कैक पिढ्या या गावात माणसं बांधावरून भांडत होती, शिमग्याला नाचत होती आणि माझ्यासारख्या दीडशहाण्यांची यथेच्छ टर उडवत होती. ही गोष्ट त्या काळातली.

विषयाचं नाव घरी सांगितलं तेव्हा आईने हातातलं काम थांबवून विचारलं, "म्हंजे भगताचं शिकणार काय?" मी म्हटलं, भगताचं नाही, मनाचं शास्त्र. पण आई तोवर पाणवठ्यावर गेली होती. दुसऱ्या दिवशी वरच्या आळीतल्या एक काकी नारळ घेऊन दारात.

"मनातलं वळखतोस म्हनं. मंग सांग, आमच्या ह्यांच्या मनात काय हाय? दोन म्हयनं झालं, मनीऑर्डर न्हाय."

'हे' लालबागला होते. मी म्हटलं, "काकी, आमचं अजून पहिलंच प्रकरण चाललंय." काकींना ते पटलं, शिकाऊ भगताची त्यांना सवय असावी. नारळ त्यांनी परत नेला नाही, आणि आजीने संध्याकाळी तो आमटीत घालून माझ्या शिक्षणातून झालेली पहिली कमाई जाहीर केली.

आमच्या सरांचं म्हणणं होतं की 'उदाहरणासह स्पष्ट करा' असा प्रश्न आला की उदाहरण स्वतःचं द्यावं, तपासणारा खूश होतो. सर बोलून गेले. मी मात्र ते मनावर घेतलं. पुस्तक वाचण्याचा मुळात कंटाळा. तेव्हा पुस्तकातले प्रयोगच गावात करून पाहिले तर वाचायची गरज नाही, असा सरळ हिशेब मी केला. एसटी स्टँडजवळच्या दुकानातून अपेक्षित प्रश्नसंच आणला आणि कामाला लागलो.

पहिली आजी सापडली. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने विस्मरण मोजण्यासाठी बिनअर्थाचे शब्द तयार केले होते. ते पाठ करायचे, आणि तासाने, दिवसाने, आठवड्याने किती उरले ते पाहायचं. हे सगळं त्याने स्वतःवरच केलं आणि १८८५ साली पुस्तक छापलं. पाठ केलेल्यातलं निम्म्याहून जास्त तासाभरातच उडून जातं, हा त्याचा निष्कर्ष. मी आजीवर करायचं ठरवलं, कारण स्वतःवर करायचं तर आधी पाठ करावं लागतं.

आजी ओटीवर बसून सुपात नाचणी पाखडत होती.

"आजी, म्हण: झुप."

"झोप? आत्ता? दिवसाढवळ्या?"

"झोप नाही, झुप. मग वेक. मग टोळ."

"टोळ?" सूप थांबलं. "कुटं आलीय टोळधाड?"

"आजी, या शब्दांना अर्थ नाही. नुसतं म्हणायचं."

"अर्थ न्हाय तर म्हनायचं कशापायी? त्यापरीस हरिपाठ म्हन."

तासाभराने विचारलं तर तिन्ही शब्द साफ गेले होते. मी वहीत शून्य लिहिलं आणि आजीला तिची स्मृती क्षीण झाल्याचं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुज्या त्या जर्मनाला इचार, खालच्या घरच्यांनी आपल्याकडची दोन पायल्या वरी न्हेली ती कवा न्हेली?" मी गप्प. "तुज्या बापाच्या बारशाला. अजून आली न्हाय." पाठोपाठ कोणत्या लग्नात कोणी किती तांदूळ दिले, कोणाच्या मयताला कोण फिरकलं नाही, आणि कोणी परत केलेल्या शेरातला तांदूळ बोटभर खाली होता, हे तिने नाचणी संपेपर्यंत सांगितलं. एबिंगहाउसचा वक्र खाली उतरतो. आजीचा व्याजासकट वर चढत होता.

नंतर मोत्या. इव्हान पावलॉव्हचा कुत्रा सगळ्यांना ठाऊक असतो. पावलॉव्हला १९०४ साली नोबेल मिळालं ते मात्र कुत्र्याच्या मनाबद्दल नव्हे, पचनाच्या संशोधनाबद्दल, हे फार कमी जणांना माहीत असतं. मला होतं, आणि परीक्षेत ते कोणी विचारलं नाही. अन्न देण्याआधी दरवेळी एकच खूण करायची. पुढे नुसत्या खुणेनेच कुत्र्याला लाळ सुटते. याला पुस्तकात 'अभिजात अभिसंधान' म्हणतात. मी गोठ्यातल्या पाड्याच्या गळ्यातली घंटा सोडवून घेतली. घंटा वाजवायची, भाकरीचा तुकडा टाकायचा, आणि वाटी धरून लाळ मोजायची. पण मोत्याची लाळ मुळात थांबतच नव्हती. मी दिसलो की लाळ, आई दिसली की लाळ, चुलीचा धूर दिसला की लाळ. घंटेमुळे नेमकी किती वाढली हे शास्त्रीय पद्धतीने सांगणं अवघड होतं. घंटेला खरा प्रतिसाद कोंबड्यांनी दिला. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून घंटा वाजताच सगळं खुराडं पडवीत, आणि माझ्या वहीवर जे काही उमटू लागलं त्याचा अभ्यासक्रमाशी संबंध नव्हता.

तरी मोत्या शिकला. ते कळलं गावदेवीच्या देवळात. आरतीला घंटा वाजली आणि मोत्या वाऱ्यासारखा धावत आला, पायरीवर बसला, देवीकडे तोंड करून, जीभ बाहेर, लाळ गळतेय. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी गुरवकाकांनी आरती झाल्यावर पहिला खोबऱ्याचा तुकडा त्याला टाकला. "मागल्या जल्मीचा कोन तरी असनार," ते म्हणाले, आणि बायकांनी हात जोडले. मी पुढे होऊन सांगायला गेलो की यात देवीचा काही संबंध नाही, हे अभिसंधान आहे, मी घरी केलेलं. सगळं देऊळ माझ्याकडे बघायला लागलं. "कुत्र्याला कळतंय ते शिकल्याल्यांना कळंना," कोणीतरी मागून म्हणालं.

घंटा वाजवत राहिलं आणि अन्न दिलंच नाही तर ती सवय हळूहळू मोडते. त्याला विलोपन म्हणतात. ते करून दाखवायची माझी फार इच्छा होती. पण अख्खं गाव मोत्याला प्रसाद देत असताना मी एकटा विलोपन करणार कसं? मोत्या शेवटपर्यंत भाविकच राहिला आणि चांगला गुबगुबीत होऊन मेला.

सगळ्यात महागात पडले ते नाना. नाना म्हणजे माझे चुलते. आल्फ्रेड बिने आणि सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये शाळकरी मुलांसाठी बुद्धिमापनाची चाचणी केली. पुढे डॉ. कामत यांनी धारवाडला ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. म्हणून आपल्याकडे तिला बिने-कामत म्हणतात. सूत्र सोपं: मानसिक वय भागिले शारीरिक वय, गुणिले शंभर. नाना ओटीवर सुपारी कातरत होते. मी सुचतील ते प्रश्न विचारले, त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली. मानसिक वय सोळाच्या पुढे धरत नाहीत असं मी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून सढळ हाताने सोळा दिलं. नानांचं वय चौसष्ट. भागाकार केला.

"किती आलं?"

"पंचवीस."

"शंभरातलं?" अडकित्ता थांबला. "म्हंजे मी पाव?"

"तसं नाही नाना, हा बुद्धिगुणांक..."

"रुपयातलं चार आनं म्हन की सरळ!"

हे सूत्र प्रौढांना लावायचंच नसतं. म्हणूनच डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ साली मोठ्यांसाठी वेगळी कसोटी काढली, असं पुस्तकात पुढच्याच पानावर होतं. अपेक्षित प्रश्नसंचाच्या दृष्टीने मात्र ते पान अपेक्षित नव्हतं.

नानांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि म्हणाले, "आता माजी परीक्षा." मला घेऊन परसात गेले, दोन डहाळ्या तोडल्या. "ह्यातला ऐन कुटला नि किंजळ कुटला?" मी दोन्हींकडे सारख्याच आदराने पाहिलं. "बरं, राब भाजायला पयला थर कशाचा घालायचा?" मी म्हटलं, लाकडाचा. नानांनी डोळे मिटले. "रोप किती दिसांचं झालं की लावनीला काडायचं?" मी म्हटलं, पाऊस पडला की. "तीन वर्साचं पोर याच्याहून बरं सांगल," असं म्हणून त्यांनी माझं मानसिक वय तीन ठरवलं, कोळशाने भिंतीवर तीन भागिले अठरा मांडलं आणि शंभराने गुणलं. सोळा, आणि वर चिल्लर. नानांची शाळा चौथीत सुटलेली. भागाकार मात्र अचूक होता. तो आकडा आमच्या भिंतीवर पुढच्या सारवणापर्यंत राहिला आणि गावात माझं नाव 'सोळा' पडलं ते कायमचं.

रोर्शाकची शाईच्या डागांची चाचणीही करून पाहिली. कागदावर शाई टाकून घडी घातली आणि वहिनीला विचारलं, "यात काय दिसतं?" वहिनी म्हणाली, "लिंबू चोळलं तरी निघायचा न्हाय." अवचेतन मनाचा शोध तिथेच थांबला.

परीक्षा नेहमीप्रमाणे शिमग्याच्या तोंडावर आली. रात्री ढोल वाजत आणि पडवीत मी कंदिलापुढे पुस्तक घेऊन बसत असे, म्हणजे पुस्तक बसत असे आणि मी ढोलापाशी. ब्ल्यूमा झायगार्निक या बाईंनी १९२७ साली दाखवून दिलं की पूर्ण झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेलं काम जास्त लक्षात राहतं. या न्यायाने मला अख्खा अभ्यासक्रम तोंडपाठ असायला हवा होता.

पेपरच्या दिवशी आजीने हातावर दही-साखर ठेवली. वस्तीची गाडी उजाडता सुटली. गाडीत पोलादपूरकडचे एक पाहुणे भेटले आणि कंडक्टरने तिकीट फाडता फाडता त्यांना सांगितलं, "हा सोळा. आज मनाचा पेपर हाय त्याचा." प्रश्नपत्रिका हातात आली तर दुसऱ्याच प्रश्नात अभिजात अभिसंधान, उदाहरणासह. मी आनंदाने सुटलोच. मोत्या, पाड्याची घंटा, कोंबड्या, गावदेवी, गुरवकाका, खोबऱ्याचा तुकडा, विलोपनात गावाने घातलेला खोडा, सगळं सविस्तर. पुरवणी घेतली, तीही भरली. शेवटची घंटा झाली तेव्हा लक्षात आलं की या सगळ्यात पावलॉव्हचं नाव लिहायचं राहिलं होतं. बाकीचे प्रश्नही.

निकालात मानसशास्त्राला छत्तीस गुण पडले. पास व्हायला पस्तीस लागतात. त्या विषयाशी माझा छत्तीसचा आकडा आहे हे मला वर्षभर जाणवत होतं, बोर्डाने ते फक्त छापून दिलं. नानांनी गुणपत्रिका हातात धरून लांबून पाहिली आणि म्हणाले, "पावाच्या वर गेलास रं!"

पुढे नोकरीसाठी मुंबईला आलो. दरड कोसळल्यानंतर गावी गेलो तेव्हा वाचलेली माणसं कंटेनरच्या घरांत राहत होती. त्यांतल्याच एका आजोबांनी, ज्यांनी शिमग्यात सोळा नावाची सोंगं काढली होती, मला जवळ बसवून घेतलं. "तू मनाचं शिकला होतास ना? मंग सांग. पत्र्यावर पाऊस वाजला की मी उठून बसतो. डोळाच लागत न्हाय."

घंटा आणि लाळ, पाऊस आणि भीती. प्रकरण तेच होतं, आणि मी त्यावर पुरवणी भरून आलेलो. तरी सांगायला माझ्याकडे एक शब्द नव्हता. त्यांचा हात धरून बसलो आणि चहा प्यायलो.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. एखाद्या आवाजाने, पावसाने, आठवणीने तुमची किंवा घरातल्या कोणाची झोप उडत असेल तर भगताकडे जाऊ नका, आणि माझ्यासारख्या छत्तीसवाल्याकडे तर नकोच. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही सेवा सुरू आहे. नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्रीअपरात्रीही कोणीतरी फोन उचलतं आणि मराठीत बोलता येतं. नंबर लिहून घ्या आणि गावाकडच्या म्हाताऱ्यांना त्यांच्या मोबाइलमध्ये भरून द्या.