रेकीभाऊ

"आधी गाडी वळवून लावा, मग काय ती कला करा," हे वाक्य ज्याने ऐकलं नाही, त्याने कॉलेजात फिल्म केलेलीच नाही. महाड-पोलादपूरच्या पोरांत हे बोलणाऱ्याला रेकीभाऊ म्हणतात. त्याला अभिनय येत नाही, कॅमेऱ्याला कुणी हात लावू देत नाही, पण त्याच्या मामाचा टेम्पो आहे. एवढ्या पात्रतेवर त्याला 'प्रॉडक्शन'ला घेतात. टेम्पोबरोबर रेकीभाऊही येणार, हे मागाहून ध्यानात येतं.

तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठला सकाळच्या कोवळ्या उन्हात एक प्रसंग घ्यायचा होता. तिथे ऊन डोंगराआडून उशिरा येतं आणि बघता बघता कडक होतं. नायक मेकअप करून उभा, नायिकेच्या डोळ्यांत ग्लिसरीन, आणि रेकीभाऊ अरुंद रस्त्यावर टेम्पो पुढे-मागे करतोय. दिग्दर्शक ओरडला, "अरे, लाव ना कुठेही!"

"तोंड रस्त्याकडे पाहिजे. पळायची वेळ आली तर रिव्हर्स कोण मारत बसणार?"

"पळायचंय कुणापासून?"

"ते आलं की कळेल."

ऊन गेलं, ग्लिसरीन वाळलं, टेम्पोचं तोंड मात्र रस्त्याकडे झालं.

हे टेम्पोपुरतं असतं तरी चाललं असतं. देवळाबाहेर रेकीभाऊ चपला काढतो त्या बोटं रस्त्याकडे करून. मित्राच्या लग्नात जेवायला बसला तो दाराजवळच्या पंगतीत, कडेच्या पाटावर. चित्रीकरणासाठी आणलेली बैलगाडीसुद्धा त्याने वळवून उभी करायला लावली. बैलांनी आक्षेप घेतला, तो त्याने नोंदवला नाही. त्याच फिल्मचा नायक मुंबई कायमची सोडून गावी परततो. पण अंगणातली त्याची मोटरसायकल पहिल्या दृश्यापासून फाटकाकडे तोंड करून उभी. गावातल्या खेळानंतर एका आजीने विचारलंच, "ह्यो ऱ्हायला आलाय का चोरी करून पळायला?"

त्याची एक वही आहे. पटकथा आठ पानांची आणि ही वही दोनशे पानी. तिच्यात प्रत्येकाचा रक्तगट, घरचा फोन, कुणाला फिट येते, कुणाला पोहता येत नाही आणि कुणाला येत नसून येतं असं वाटतं, हे सगळं आहे. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं आणि १०८ला फोन लावायचा तर वरंध घाटात रेंज कुठल्या वळणावर येते, हेही आहे. रायगडावर शूट करायचं ठरलं तेव्हा "गड संरक्षित स्मारक आहे, पुरातत्त्व खात्याची परवानगी कुठाय?" म्हणून त्याने बैठकच उठवली. ड्रोन आला तेव्हा नियम २५० ग्रॅमचा आणि ड्रोन २४९ ग्रॅमचा, म्हणून दिग्दर्शक खुशीत होता. रेकीभाऊने किराणा दुकानातून वजनकाटा आणला आणि पंख्यांना लावायची जाळी धरून पुन्हा वजन केलं. सगळ्यांसमक्ष ड्रोन नापास झाला.

कळस झाला सावित्रीवर. जुलै महिना, पावसाची उघडीप, पोलादपुरात लख्ख ऊन. नायकाने गुडघाभर पाण्यात उभं राहून आईला हाक मारायची, एवढाच शॉट. रेकीभाऊने वही उघडली. एका रकान्यात महाबळेश्वरचा पाऊस, दुसऱ्यात बाणकोट खाडीची भरती.

"इथे ऊन पडलंय रे बाबा!"

"ऊन इथे पडलंय. नदी महाबळेश्वरहून येते."

आता हे खरंच आहे. वर पाऊस कोसळला की इथे थेंब नसतानाही पाणी चढतं, आणि खाली खाडीला भरती असली की महाडजवळ ते तुंबतं. पण खरं बोलणारा माणूस शूटिंगच्या दिवशी जितका डोक्यात जातो, तितका खोटं बोलणारा जात नाही. शेवटी नायकाने चिखलणी झालेल्या खाचरात उभं राहून हाक मारली आणि नदीचा नुसता आवाज भरला गेला. दिग्दर्शक दोन दिवस रेकीभाऊशी बोलला नाही.

पॅकअपनंतर तर त्याला ऊतच येतो. सगळे हातपाय मोकळे करायला निघतात, सेल्फीला चांगला कडा शोधतात, आणि हा शिट्टी मारून डोकी मोजायला लागतो. स्वतःला मोजायचं विसरतो, मग एक कमी भरतो, मग पुन्हा शिट्टी. पोरं वैतागतात. पण मार्च २०२३मध्ये पन्हाळ्यावर एका चित्रपटाच्या कामावरचा १९ वर्षांचा पोरगा तटावरून पडला, तो फोनवर बोलताना. एप्रिल २०२५मध्ये साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेत एक नर्तक बुडाला, तो गाण्याचं चित्रीकरण आटोपल्यावर. दोघेही तेव्हा कॅमेऱ्यासमोर नव्हते. जिवावरच्या शॉटला सगळ्यांचे डोळे लागलेले असतात; त्यानंतर चहा पिताना कुणाचंच कुणाकडे लक्ष नसतं. हे मान्य करायला जड जातं, कारण मान्य केलं की ती शिट्टीही मान्य करावी लागते.

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. बाकीच्यांना वाहून गेलेल्या दोन एस.टी. आठवतात. रेकीभाऊ सांगतो ते पुलाजवळच्या गॅरेजातल्या कामगाराबद्दल, ज्याने पावसात रस्त्यावर धावत जाऊन मागून येणाऱ्या गाड्या थांबवल्या. "तो नसता तर?" एवढं विचारून गप्प बसतो, आणि गप्प बसलेला रेकीभाऊ बघायची कुणाला सवय नाही.

टेम्पोचं प्रकरण मात्र तो सांगत नाही, मामा सांगतो. २२ जुलै २०२१ला महाडच्या बाजारपेठेत पाणी भरलं. त्याच दिवशी तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, त्यापुढे एका टेम्पोची कथा ती काय! पण मामाचा टेम्पो गल्लीत तोंड आत करून लावलेला होता. वळवेपर्यंत पाणी सीटवर आलं. मामा आणि भाचा वरच्या मजल्यावरून टेम्पोचं टप दिसेनासं होईपर्यंत बघत बसले. आत्ताचा टेम्पो दुसरा. त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

फिल्मला महोत्सवात बक्षीस मिळालं. परीक्षकांनी खाचरातल्या दृश्याची खास तारीफ केली: नदी न दाखवता नदी दाखवायचं धाडस! दिग्दर्शकाने मान लववून ते धाडस स्वीकारलं. श्रेयनामावलीत 'विशेष आभार' खाली मामाचं नाव होतं, टेम्पोच्या नंबरासकट. रेकीभाऊचं नाव राहिलं. तेव्हा तो प्रेक्षागृहाचा मेन स्विच कुठे आहे ते विचारायला गेला होता, त्यामुळे त्याला ते कळलंही नाही.

पुढची फिल्म भुताची आहे, कशेडीच्या जुन्या घाटात, रात्रीची. आपल्याला विचारणार नाहीत असं रेकीभाऊला वाटलं होतं, पण दिग्दर्शक स्वतः घरी आला. म्हणाला, "टेम्पो पाहिजे होता." मग जरा थांबून, "वहीपण आण." रेकीभाऊने तिथल्या तिथे भुताचा रक्तगट विचारून घेतला. भूत अकरावीतलं निघालं, म्हणून सध्या त्याच्या पालकांच्या सहीसाठी शूटिंग अडलंय.