अक्षय कांती, मुदतबंद देह

ज्या राजधानीत हरित न्यायाधिकरणाने 2014-15 च्या हुकमांनी दहा वर्षांपलीकडच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपलीकडच्या पेट्रोल मोटारींना रस्ता बंद केला, आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले (2025 मध्ये त्या हुकमाची धार बरीच बोथट झाली, ही गोष्ट अलाहिदा), त्याच राजधानीत, करोलबागेच्या गल्ल्यांतून, गाडीच्या रंगावर सिलिकेचा काही मायक्रॉन जाडीचा लेप चढवून तिची कांती अक्षय करून देण्याचा व्यवसाय तेजीत आहे. देह नश्वर आणि आत्मा अमर, हा आपला पिढीजात सिद्धान्त येथे उलटा झाला असून, इंजिनरूपी आत्म्याची मुदत सरकारदरबारी नोंदलेली आहे, त्वचेला मात्र हमीपत्र मिळते.

एवढ्या खटाटोपाने सिद्ध झालेली ही कांती दुसऱ्या दिवशी पहाटे कोणाच्या स्वाधीन होते? सोसायटीतील साऱ्या मोटारी एकाच बादलीत आणि एकाच फडक्याने पुसणाऱ्या पोऱ्याच्या! राजस्थानच्या आंधीने आणलेली वाळू त्या फडक्यात ठाण मांडून असते, आणि उन्हात पाहावे तो लेपावर बारीक ओरखड्यांची वर्तुळे उमटलेली. चाकांवरील ब्रेकच्या लोहचूर्णाकडे तर तो ढुंकूनही पाहत नाही. नळी लावून धुवावे, तर 2024 च्या उन्हाळ्यात दिल्ली सरकारने त्या अपराधास दोन हजारांचा दंड फर्मावला होता.

अखेर मुदत भरली, की मालक ना-हरकत दाखला घेऊन गाडी परराज्यात विकतो; तेथील गिऱ्हाईक रंगाला भुलून चार पैसे जास्त मोजते.